मागचं डावं चाक

‘एकतीस वर्षांच्या सेवेत ज्यांच्या नजरेतून बिनतिकिटाचा एकही प्रवासी सुटला नाही, ज्यांनी नुसत्या वासावरून पिशवीतल्या कोंबडीचा मालक ओळखला, ते औरादचे सुप्रसिद्ध गुप्तचर गुरुशांतप्पा. चोरी, फसवणूक, हरवले-सापडले. सल्ला अत्यंत गुप्त. चहा पाहिजे.’

यातले शेवटचे दोन शब्द माझे आहेत. हा कागद माझ्या झेरॉक्सच्या दुकानात, माझ्याच शाईत छापला गेला आणि मी रागाच्या भरात ते दोन शब्द खाली जोडून दिले. गुरुशांतप्पांनी वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, “महांतेश, तुला माझी शैली जमायलीय.”

गुरुशांतप्पा माझे दाजी. म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान, त्यामुळे तोडून टाकायची सोय नाही. बसचे कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून गुप्तचर झाले. आजवर त्यांनी दोन प्रकरणं निकालात काढली होती. एक त्यांच्या स्वतःच्या चष्म्याचं. तो माझ्या बहिणीला त्यांच्या कपाळावर सापडला. दुसरं शेजारच्या शेळीचं. ती आपल्या पायांनी परत आली, तेव्हा वहीत त्यांनी ‘आरोपी शरण’ अशी नोंद केली.

मी त्यांचा सहायक, लेखनिक आणि ड्रायव्हर. त्यांची एक जुनी मोपेड आहे, पण ती ते स्वतः चालवत नाहीत. एकतीस वर्षं गाडी दुसऱ्यानं चालवायची आणि आपण घंटा वाजवायची, ही सवय जात नाही. मागे बसून ते माझ्या पाठीवर दोनदा थाप मारतात. ती डबल बेल. मग निघायचं. एकदा मारली की थांबायचं. या वयात मी पाठीवर थापा खात औरादच्या बाजारातून फिरतो आणि लोक बघतात.

तर संतपूरचे अंकुशराव एका गुरुवारी माझ्या दुकानात आले. तूर आणि सोयाबीन चांगलं पिकवणारा माणूस, पण बोलताना समोरच्याला वांझ जमीन समजून बोलतो. दाजी तिथेच स्टुलावर बसले होते.

“नवी गाडी घेतली,” अंकुशराव म्हणाले. “म्हैना झाला न्हाई, तीनदा चाक बसलं. मागचं डावं. तेच ते. आन् पंक्चर न्हाई!”

दाजींनी डोळे मिटले. डोळे मिटले की ते विचार करतात असा त्यांचा समज आहे.

हकीकत अशी होती. अंकुशरावांची सून श्रीदेवी बी.एस्सी. झालेली. तिला बीदरजवळ कोळारच्या औषधांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून नोकरी लागत होती. संतपूरहून जायचं तर दोन बस बदलायच्या, पाळीची वेळ गाठायची, म्हणून मुलाच्या आग्रहावरून ही गाडी आली. ट्रॅक्टरची ट्रॉली दिवाळीत विकून टाकली आणि तिच्या जागी दाराबाहेर ही पांढरी गाडी उभी राहिली. गाडी दारात उभी असणं अंकुशरावांना फार आवडलं. सून तीत बसून जाणं तितकंसं आवडलं नाही. तिचा नवरा बालाजी हैदराबादला असतो आणि गाडी आल्यापासून फोनवर ‘अप्पा म्हणतील तसं’ यापलीकडे त्याला वाक्य येत नाही.

मुलाखतीच्या सकाळी चाक बसलेलं. पोरगी धावतपळत बसनं गेली. कागद तपासायच्या दिवशी चाक बसलेलं. परत बस. रुजू व्हायच्या दिवशी चाक बसलेलं आणि बसही चुकलेली. कारखान्यानं शेवटची मुदत दिली, येत्या सोमवारची. नंतर पुढच्या उमेदवाराला बोलावणार.

“मी घरात सांगून टाकलंय,” अंकुशराव म्हणाले. “हे कामून व्हायलंय ते सोमवारच्या आत कळलं तर ठीक. न्हाईतर मी समजीन की देवाच्याच मनात न्हाई. गाडी कंपनीला परत, आन् सून घरात.”

चाकात हवा नाही म्हणून सुनेनं नोकरी करू नये, हा न्याय ऐकून मला वाटलं दाजी तरी काही बोलतील. दाजी म्हणाले, “बरोबर हाय.”

शुक्रवारी दुपारी आम्ही संतपूरला निघालो. मोपेडच्या पुढच्या चाकालाही जुनं दुखणं आहे. वाटेत दोनदा हवा भरावी लागली, आणि अंकुशरावांच्या घरापर्यंत पोचेतो ते पुन्हा मऊ पडलं. घर गावाच्या टोकाला, शिवाराच्या वाटेवर. गाडी फाटकाबाहेर भिंतीला लावलेली, डावी बाजू रस्त्याकडे. लिंबू-मिरची लटकवलेली. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, कारण नवेपणा निघून जाईल.

दाजी मागच्या डाव्या चाकाजवळ उकिडवे बसले. मातीत गुडघ्यांच्या खुणा होत्या. एक नाही, चार-पाच.

“टोळी हाय,” दाजी म्हणाले. “लिहून घे. किमान पाच जण. सगळे गुडघ्यावर बसणारे.”

मी लिहून घेतलं. लिहिताना हात दुखत नाही, लाज वाटते.

मग ते आत सोप्यात गेले. भिंतीला खुंट्या होत्या. एकीवर काळ्या रबराची लांब नळी लटकत होती, दोन्ही टोकांना पितळेची तोंडं. दाजींनी आपली टोपी त्याच नळीवर अडकवली आणि चौकशीला बसले. अंकुशरावांना त्यांनी एक तास प्रश्न विचारले. दारातल्या कुत्र्याला जवळ बोलावून त्याचा पंजा पाहिला. अंकुशरावांच्या बायकोला, राजूबाईंना, मात्र एकही प्रश्न नाही. त्या चहा घेऊन आल्या तेव्हा दाजींनी बोलणं थांबवलं.

“बाई, चर्चा गुप्त हाय.”

“करा की,” राजूबाई म्हणाल्या. “मी काय ऐकायलेय थोडंच? साखर बघा बरूबर हाय का.”

त्या बाहेर गेल्यावर मी हळूच म्हणालो, “दाजी, दिवसभर घरी तर ह्याच असतात. अंकुशराव दुपारी हॉटेलवर, सून तासभर गावच्या शाळेत दहावीच्या मुलींना शिकवायला. ह्यांना विचारू की.”

“यंत्राचं प्रकरण हाय, महांतेश. बायकांना काय कळतंय त्यातलं?”

त्यांना स्वतःला यंत्रातलं इतकं कळतं की मोपेडला किक मारायलाही मी लागतो.

तेवढ्यात श्रीदेवी शाळेतून आली. बारीक अंगाची, सरळ बोलणारी मुलगी. सासऱ्यांची परवानगी घेऊन म्हणाली, “चाकाला भोक न्हाई म्हणजे हवा तोंडातूनच गेली. तोंडावरलं टोपण कोण काढतंय तेवढं बघा.”

मी पाहून आलो. टोपण चाकावर नव्हतं. ते अंगणातल्या तुळशीच्या कोनाड्यात, पणतीशेजारी नीट ठेवलेलं होतं. मी ते आणून दाजींच्या हातावर ठेवलं, आणि दाजींचा चेहरा उजळला.

“करणी!” ते ओरडले. “तुळशीत लोखंड!”

“प्लास्टिक आहे ते,” श्रीदेवी म्हणाली.

“आजकाल करणी पण प्लास्टिकची आलीय, पोरी.”

अंकुशरावांनी गंभीरपणे मान हलवली. त्या दोन माना एकदम हललेल्या पाहून, एवढ्या पिकाला पाणी कोण देतो असा मला प्रश्न पडला.

निघताना दाजींची टोपी खुंटीवर नव्हती. ती शेजारच्या खुंटीवर होती. दाजींनी ती दोन बोटांनी उचलली, हुंगली, आणि कुजबुजले, “कुणीतरी हलवलीय. शत्रू घरातलाच हाय.” हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं बरोबर निरीक्षण होतं, पण त्याचं पुढे काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, हे कबूल करतो. परत जाताना मोपेड मात्र झकास चालली. कुठं हवा भरावी लागली नाही. दाजी म्हणाले, “तपासाला गती आली की वाहनाला बी हुरूप येतो.” आणि मी, दुसऱ्याच्या अकलेवर तोंड वर करून बोलणारा मी, हे ऐकून पुढे बघत गाडी हाकत राहिलो.

शनिवारी संतपूरच्या स्टँडवरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. शिवाप्पा त्याचं नाव. त्यानं ते चाक तीनदा टाकीत बुडवून पाहिलं होतं.

“एक बुडबुडा न्हाई बगा. टायर माझ्यापेक्षा निरोगी हाय.” मग तो कुरकुरला, “पण माझा धंदा बसला की हो. दिवाळीपसून हवा भरायला लई लोक यायलते. म्हैना झाला, शेतावर जाणारी एक गाडी थांबंना. तुरीच्या दिवसांत असं कधी होत न्हाई.”

“मंदी,” दाजी म्हणाले. “जगभर हाय.”

मी हेही लिहून घेतलं.

मग दाजींनी शोरूमला माझ्या फोनवरून फोन लावला. किरणकुमार नावाचा विक्रेता होता. त्यानं शांतपणे समजावलं की गाडीची वॉरंटी कंपनीची, टायरची वॉरंटी टायर कंपनीची, आणि ती फक्त बनावटीतल्या दोषाची. पंक्चर झालं तर ती कुणाचीच नाही.

“पण पंक्चर झालंच न्हाई!” दाजी गरजले.

“मग तक्रार काय आहे, साहेब?”

“पंक्चर न होता हवा जातीय. तुमी हवाच हलकी भरली असंल. लवकर उडून जाणारी.”

मग तो बिचारा म्हणाला की रविवारी सुटी आहे, पण औरादकडे त्याची सासुरवाडी आहे, येताना फॉर्म घेऊन येतो. अंकुशरावांनी शनिवारी चाक पुन्हा भरून आणलं आणि स्वतः रात्रभर खाट टाकून गाडीपाशी झोपले. सकाळी हवा जागच्या जागी होती. यातून दाजींनी असं अनुमान काढलं की टोळी घाबरलेली आहे.

रविवारी दिवस कलल्यावर सगळे सोप्यात जमले. अंकुशराव खुर्चीत. किरणकुमार टाय घालून, मांडीवर फॉर्म. श्रीदेवी दाराशी उभी. उद्याच्या कामाची तिची बॅग मागे कोपऱ्यात भरून ठेवलेली दिसत होती, कागदांची फाईल वर बांधलेली. राजूबाई उंबऱ्याजवळ सुपात तूर निवडत बसलेल्या. दाजींनी टोपी परवाच्याच खुंटीवर, नळीवरच, अडकवली आणि घसा साफ केला.

“मंडळी! टोळी, करणी आन् हलकी हवा, हे तिन्ही मार्ग मी मुद्दाम चोखाळले. गुन्हेगाराला गाफील ठेवायला.” मला हे प्रथमच कळत होतं. “आता बघा. चाक कवा बसतंय? सूनबाईला जायचं असतंय तवाच. घरातून टोपी कोण हलवू शकतंय? घरातलं माणूस. टोपणाचं ज्ञान कुणाला? ज्यानं सायन्स शिकलंय त्याला. एकतीस वर्षं मी बघितलंय, ज्याला प्रवास करायचा नसतो तोच सुट्टे पैसे न्हाईत म्हणून सांगतो. हिला जायचंच न्हाई! हवा हीच सोडतीय!”

श्रीदेवीचा चेहरा पांढरा पडला. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं, आणि अंकुशराव, देवाशपथ, खूश झाले होते. चारचौघांत सांगायला त्यांना याहून सोयीचं कारण मिळालं नसतं. मला दाजींची लाज वाटली आणि त्यांच्या मागे वही धरून उभ्या असलेल्या स्वतःचीही वाटली.

“मामा,” श्रीदेवी सासऱ्यांना म्हणाली, “मी दोनदा बसनं उभ्यानं गेले. जायचं नसतं तर गेले असते व्हय?”

“पण चाक तर बसलं ना?” अंकुशराव म्हणाले. “किरणकुमार, लिवा तुमी. गाडी परत.”

तेवढ्यात फाटकाबाहेर मोटारसायकल येऊन थांबली.

“राजूअक्का! ओ राजूअक्का!” शेजारच्या शेतातला भीमण्णा हाक मारत होता. “जरा हवा द्या की! मागलं चाक पार बसलंय, तुरीचं पोतं न्यायचंय!”

राजूबाईंनी सूप खाली ठेवलं. उठल्या. पदर खोचला. खुंटीपाशी आल्या, दाजींची टोपी काढून शेजारच्या खुंटीवर लावली, नळी खांद्यावर घेतली आणि बाहेर गेल्या.

आम्ही सगळे त्यांच्या मागे गेलो. कुणी कुणाला चला म्हणालं नाही.

राजूबाई गाडीच्या मागच्या डाव्या चाकाजवळ गुडघ्यावर बसल्या. टोपण काढून पदराच्या गाठीत ठेवलं. नळीचं एक तोंड गाडीच्या चाकाला दाबलं, दुसरं भीमण्णानं आपल्या मोटारसायकलला. सुस्स असा आवाज झाला. मोटारसायकलचं चाक फुगत गेलं.

“लवकर आवर रं,” त्या म्हणाल्या. “दिवे लागले की मी दूध देत न्हाई, मीठ देत न्हाई, हवा बी देत न्हाई. लक्षुमी जाती.”

अंकुशराव दोन पावलं पुढे आले. “आगं... हे काय करायलीस?”

“हवा देतेय. दिसंना का?”

“कवापसून?”

“ट्रॉली होती तवापसून. तिच्या चाकातली द्यायचे. ती इकली, दोन म्हैने लोकांना न्हाई म्हणताना जीव नकोसा झाला बगा. शिवाप्पाकडं ढकलत जायचे बिचारे. मग ही आली. हेच चाक रस्त्याकडं हाय, म्हणून ह्यातली.”

“तीन आठवडे आमी डोकं फोडायलोत! चाक बसायलंय हे तुला दिसंना?”

“दिसत हुतं की. पर तुमीच म्हणलाव, टायरात खोड हाय. मग तुमीच म्हणलाव, करणी हाय. तुमी मोठी माणसं, मी म्हणलं आसंल.” मग त्यांनी किरणकुमारकडे हात केला. “आन् ह्या पोरानं गाडी देताना मला सांगितलंय, अक्का, टायरची काळजीच करू नका, वॉरंटी हाय, कमी-जास्त झालं तर कंपनी बगून घेती. मी म्हणलं, एवढी मोठी कंपनी भरून द्यायलीय तर दोन घास हवा गावाला दिली तर काय बिघडतंय? ट्रॉलीला वॉरंटी नव्हती तवा मी हात आखडून देत होते.”

किरणकुमारनं फॉर्म उलटा केला, पुन्हा सुलटा केला. ‘दोषाचे कारण’ या रकान्यावर त्याचं पेन थांबलं होतं. “अक्का, हे आमच्यात बसत न्हाई,” तो म्हणाला, आणि फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली.

“गावात किती जणांना दिलीस?” अंकुशरावांनी विचारलं.

“कोण मोजतंय? मागंल त्याला.” राजूबाईंनी दाजींकडे पाहिलं. “परवा ह्यांच्या फटफटीचं चाक बसलं हुतं. घरी आलेलं माणूस तसंच कसं लावून द्यायचं? तुमी चहा पीत बोलण्यात गुंग हुताव, तवर भरून ठिवली.”

मी दाजींकडे पाहिलं नाही. वहीत शुक्रवारचं पान उघडलं आणि ‘वाहनाला हुरूप’ या शब्दांवर आडवी रेघ मारली. ज्या हवेचा तपास करायला आम्ही आलो होतो, त्याच हवेवर बसून घरी गेलो होतो.

अंकुशरावांचा चेहरा मात्र अजून सैल झाला नव्हता. हरलेला माणूस लगेच दुसरं काहीतरी शोधतो. “ते ठीक हाय,” ते म्हणाले. “पण ऐन जायच्या दिवशीच तीनदा... शकुन काय चांगला न्हाई.”

राजूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. नळी गुंडाळली. त्यांचा आवाज चढला नाही, पण भीमण्णानं किक मारायला उचललेला पाय खाली घेतला.

“शकुन? गाडी काढताव ती फकस्त तिच्या जायच्या दिवशी, म्हणून तवाच चाक दिसतंय तुमाला. ह्या एका चाकावर म्हैनाभर निम्मं संतपूर कामाला गेलंय. कुणी रानात गेलं, कुणी बाजाराला, कुणी दवाखान्याला. ज्यानं इचारलं त्याचं काम झालं. घरात बसली ती एकटी माझी सून.” त्यांनी पदराची गाठ सोडून टोपण काढलं आणि श्रीदेवीच्या हातात ठेवलं. “घे गं. चूक माझी हाय. आता ही हवा तुझी. उद्या तू जायलीस.”

अंकुशराव तोंड उघडून उभे होते. मग त्यांनी ते मिटलं. माझ्या माहितीत ते पहिल्यांदाच.

सोमवारी सकाळी आम्हीही गेलो. दाजींनी हट्ट धरला. त्यांच्या मते प्रकरण त्यांनीच उलगडलं होतं, कारण सगळ्यांना एका जागी त्यांनी जमवलं नसतं तर भीमण्णा आला तेव्हा पाहिलं कुणी असतं? वहीत तसंच लिहायला सांगितलं. मी लिहिलं नाही. मोपेडचं पुढचं चाक संतपूरच्या वेशीत बसलं, आणि त्या घरी हवा मागायचं तोंड नसल्यामुळे मी ती ढकलत नेली. दाजी शेजारून चालत होते.

श्रीदेवीनं सीटवरचं प्लास्टिक फाडून काढलेलं होतं. चाकं चारही टणक. पायानं दाबायचा एक नवा पंप सोप्यातल्या खुंटीखाली ठेवलेला दिसला. शिवाप्पाकडून आणला म्हणे, आणि आणला अंकुशरावांनी. राजूबाईंनी सुनेच्या हातावर दही ठेवलं. ती गाडीत बसली, बॅग शेजारी ठेवली, गाडी सुरू केली, आणि सासऱ्यांकडे बघत थांबली. अंकुशराव भिंतीकडे बघत होते. जा म्हणत नव्हते, नको म्हणत नव्हते. गाडी नुसती घुरघुरत होती.

तेव्हा दाजी पुढे झाले. काही विचार न करता, जसं एकतीस वर्षं केलं तसं, त्यांनी गाडीच्या मागच्या बाजूला दोनदा थाप मारली.

श्रीदेवी हसली आणि निघाली. त्या सगळ्या तपासात दाजींच्या हातून झालेलं ते एकच बरोबर काम, आणि मी ते वहीत लिहून घेतलं.